फाटकाचा चढ

लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी अण्णानं नेहमीसारखी सायकल ओसरीवरून खाली घेतली, फडक्यानं सीट पुसली, चाकं दाबून हवा बघितली आणि मागे वळला. मागे आम्ही दोघी उभ्या होतो. दोघींच्या हातांत डबे होते, दोघींनी पदर खोचले होते आणि कॅरिअर एकच होतं.

अण्णा हातातलं फडकं बघत राहिला. त्यानं ते उगाच झटकलं आणि पुन्हा एकदा सीट पुसली.

"बसा अक्का," वैनी म्हणाली. "मी जाते चालत. मला सवय आहे."

"नको, तू बस," मी म्हणाले. "नवी नवरी चालत निघाली तर गाव आम्हाला नावं ठेवील."

"मी काय म्हणतो," अण्णा म्हणाला, "एकीला सोडून येतो, मग दुसरीला नेतो."

"आणि तू कामाला कधी पोचणार? जेवायच्या सुट्टीत?"

"मग एकजण मागं बसा, एकजण पुढं नळीवर..."

"सर्कस आली म्हणून पोरं मागं लागतील."

वैनी खळखळून हसली. मी हसले नाही. तिनं कॅरिअरवरच्या गादीवरून हात फिरवला. "किती सुबक शिवलीय. अक्कांनीच ना?" गादी मीच शिवली होती. जाड खादी, आत कापूस, चारी बाजूंनी दुहेरी टीप. ती शिवताना आपल्याशिवाय तिच्यावर दुसरं कुणी बसेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मला आज लवकर बोलावलंय शाळेत," मी म्हणाले. "मी निघतेच." आणि मी निघाले. मला कुणीही लवकर बोलावलेलं नव्हतं.

त्या वेळी मी चव्वेचाळीस वर्षांची होते. वाळवणीच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ भूपाल मगदूम, खरेदी-विक्री संघात कारकून होता. आई-बाबा लवकर गेले, घरात आम्ही दोघंच उरलो. बहिणीसाठी भावानं लग्न केलं नाही, असं गावात म्हणत. भावाला कोण करून घालणार म्हणून बहीण राहिली, असंही म्हणत. ऐकायला छान वाटायचं. खरं तर कुणी कुणासाठी काहीच केलं नव्हतं. आम्ही दोघंही आपसूक राहून गेलो होतो.

मग पन्नाशी उलटल्यावर अण्णाच्या कमरेत चमक भरली. डॉक्टरांकडे आठवडाभर इंजेक्शनं घ्यायला गेला आणि लग्न ठरवून आला. सरोजिनी तिथं नर्स होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आमच्या जैन समाजात चार दिवस कुजबुज झाली. पाचव्या दिवशी लोकांना दुसरं काहीतरी मिळालं. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "बरं झालं बाई, अण्णाला सोबत झाली." सोबत झाली असं म्हणताना, त्याला इतके दिवस सोबत नव्हती असाच त्याचा अर्थ होतो, हे माझ्या ध्यानात यायचं. मग मला जेवण जात नसे.

कॅरिअरवर बसणं हीसुद्धा एक विद्या आहे. ज्यांना स्कूटरवर चढून बसायची सवय आहे त्यांना ती कळायची नाही. आधी चालवणारा निघतो. मग मागच्यानं दोन पावलं पळायचं आणि सायकलला झोल न देता अलगद बसायचं. दोन्ही पाय डावीकडे, एक हात सीटखालच्या स्प्रिंगवर, दुसऱ्या हातात डबा. मला ते इतकं जमायचं, की कधीकधी मी बसले की नाही हे अण्णाला कळत नसे.

आमच्या घराकडून गावाच्या पेठेत, शाळेत, संघात, कुठंही जायचं तर मध्ये रेल्वेचं फाटक होतं. रूळ उंचावर होते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी चढ. चढ सुरू झाला, की अण्णा म्हणायचा, "उतर." मी टुणकन उतरून मागून चालत यायचे. वर रूळ ओलांडले, की म्हणायचा, "बस." मी बसायचे. सगळी वर्षं आमचं जातायेता एवढंच बोलणं. समोरचं मला काही दिसत नसे. जाताना एका अंगाची दुकानं दिसायची, येताना दुसऱ्या अंगाची, आणि मधे अण्णाची पाठ. त्याच्या कुठल्या शर्टाची कॉलर उलटवायला आलीय, हे त्याच्याआधी मला कळायचं.

त्या सोमवारपासून मी ती दोघं निघायच्या पुष्कळ आधी घर सोडायला लागले. त्यांना दारातून एकत्र निघताना बघणं मला सोसलं नसतं. शाळेतून यायलाही मुद्दाम उशीर करायचे. आपल्या गादीवर ती बसली असेल, चढावर अण्णा तिला तरी "उतर" म्हणत असेल का, का तसाच उभा राहून पेडल मारत असेल, असलं काहीबाही मनात घोळवत मी एप्रिलच्या उन्हात चालायचे. माझी डावी टाच दुखायला लागली. डॉक्टरांकडे जायचं म्हटलं तर तिथं वैनी! म्हणून गेले नाही.

परीक्षा संपल्या आणि इनामदारबाईंनी, आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावलं.

"पद्माबाई, जूनपासून शिवणवर्ग नव्या इमारतीत हलवतोय. साखर कारखान्याच्या रस्त्याला."

"एवढ्या लांब?"

"जागा तिथंच आहे. तुम्हाला काय, भाऊ सोडतात ना सायकलवर?"

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जमत नसेल तर आत्ताच सांगा. दुसऱ्या कुणाला तरी वर्ग द्यावा लागेल. तुम्हाला इथं ग्रंथालयात बसवू."

ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक कुलूप. माझी सहा मशिनं, माझ्या कात्र्या, टीप सुटली म्हणून रडकुंडीला येणाऱ्या माझ्या मुली, हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार होतं. नाहीतर अण्णापुढे उभं राहून "मला सोडशील का रे?" म्हणायला हवं होतं. त्यानं सोडलं असतं. वैनीला चालत पाठवून, हसतमुखानं सोडलं असतं. आणि मी जन्मभर तिची जागा अडवून बसले असते. ते मला मेले तरी करायचं नव्हतं.

"जमेल," मी म्हणाले. "मी सायकल शिकतेय."

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं. माझ्याइतकं आश्चर्य बाईंनासुद्धा वाटलं नसेल.

शिकवायला घोरपडेबाई मिळाल्या. या आमच्या कवायतीच्या शिक्षिका. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा, की शिट्टी विसरली तरी अडत नसे. त्यांनी नुकतीच लूना घेतली होती, त्यामुळे त्यांची लेडीज सायकल परसात उभी होती.

"न्या की," त्या म्हणाल्या. "कोंबड्या बसतात तिच्यावर. त्यापरीस तुम्ही बसा. पण मी सांगीन तसं करायचं. रडायचं नाही."

"मी कशाला रडेन?"

"सगळेच रडतात."

मे महिन्यात पहाटे बाजार समितीचं आवार मोकळं असायचं. फरशीवर सांडलेले दाणे टिपत पारवे फिरत आणि हळदीचा वास सगळीकडे भरून राहिलेला. घरात मी सांगितलं होतं, की मंदिरात जाते. तेवढं पुण्य माझ्या नावावर नसलं तरी कुणी शंका घेतली नाही. घोरपडेबाई सीट धरून माझ्यामागे धावायच्या आणि मी हँडलला बुडत्या माणसासारखी मिठी मारायचे.

"समोर बघा! चाकाकडं काय बघताय? चाक कुठं पळून जात नाही!"

पण मला समोर बघताच येईना. मान आपोआप डावीकडे वळायची आणि मान वळली, की सायकलही तिकडे जायची. डावीकडे धान्याची गोदामं होती. पहिल्या आठवड्यात त्या गोदामांची भिंत मी इतक्या वेळा गाठली, की घोरपडेबाई म्हणाल्या, "हमालानं सुद्धा इतक्या फेऱ्या केल्या नसतील."

पडणं, खरचटणं, चेनमध्ये निऱ्या अडकणं हे सगळ्यांचंच होतं, ते माझंही झालं. पण एक गोष्ट खास माझी होती. आवाराच्या एका टोकाला, लिलावाच्या कट्ट्याकडे फरशी थोडी चढत जाते. सायकल त्या चढाला लागली, वेग जरासा मंदावला, की मी डावीकडे टुणकन उडी मारून उतरायचे. अगदी अलगद, डौलात. आणि सायकल एकटीच चार हात पुढे जाऊन धाडकन पडायची.

घोरपडेबाई पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्यांदाही हसल्या. चौथ्यांदा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो पद्माबाई, उतरताय कशाला?"

"चढ आला ना."

"मग?"

"चढ आला, की उतरायचं असतं."

"कुणी?"

मी सायकल उचलत होते.

"मागं बसणारीनं उतरायचं असतं बाई," घोरपडेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "चालवणारीच उतरली तर सायकल काय देवाच्या भरवशावर जाणार?"

त्या दिवशी मी रडले. त्यांनी आठवण करून दिली नाही.

कोपर सोलवटून घरी आले तेव्हा वैनी अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, आतून डबी आणली आणि न विचारता माझा हात हातात घेतला. बोरिक पावडरच्या कोमट पाण्यानं जखम धुतली. तिचे हात हलके होते. इतके हलके, की मला राग आला.

"देवळाची पायरी उंच दिसते," ती म्हणाली.

"हो. चुकली पायरी."

"रोज चुकते. परवा गुडघा, आज कोपर." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी बांधत राहिली. "अक्का, एक बोलायचं होतं. त्यांच्या सायकलीचं. मी त्यांना म्हटलं होतं, की कॅरिअरवर..."

"राहू दे," मी हात ओढून घेतला. "मला त्या सायकलीशी काही कर्तव्य नाही. तुम्ही नवरा-बायको, तुमची सायकल."

तिचा चेहरा पडला. मला थोडं बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. पण बोललेलं परत घ्यायची आमच्या घरात रीत नव्हती. आमच्यात मुळात बोलायचीच रीत नव्हती.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यामुळे संध्याकाळ आमची सगळ्या गावापेक्षा मोठी. पूर्वी अण्णा आणि मी ओसरीवर बसायचो. तो पेपर वाचायचा, मी काज शिवायचे, आणि अंधार पडला की उठून आपापल्या खोलीत जायचो. आता ती दोघं अंगणात बाजेवर बसत आणि हळू आवाजात बोलत. शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण. मी आत मशिनजवळ बसून ती ऐकायचे. बाहेर येऊन बस, असं दोघंही म्हणायची. गेले असते तर गप्पा थांबल्या असत्या. दोघांतलं तिसरं होणं किती अवघड असतं, ते एकट्यालाच कळतं.

अशा संध्याकाळी मला सायकलीची आठवण यायची. हे मी आज सांगते, तेव्हा स्वतःशी कबूलही केलं नसतं. काजाचे टाके घालताना माझा उजवा पाय आपोआप खाली-वर व्हायचा. उद्या पहाट कधी होते, असं व्हायचं.

कारण तोवर मला सायकल यायला लागली होती. ती केव्हा आली ते कळलं नाही. एकदा घोरपडेबाई मागे धावतायत असं समजून मी सगळ्या आवाराला वळसा घालून आले, तर त्या कट्ट्यावर बसून केस विंचरत होत्या. "केव्हाच सोडलंय तुम्हाला," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, की मी ब्रेक दाबायची विसरले आणि पुन्हा गोदामाच्या भिंतीवर गेले. पण हसत गेले.

मग घोरपडेबाई सुट्टीला माहेरी गेल्या आणि मी एकटीच बाहेर पडायला लागले. गावाच्या मागून कालव्याकडे एक सपाट रस्ता जातो. पहाटे तिथं कुणी नसे. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली रानं, मधूनच उसाची लागण, आणि मधे तो रस्ता. पहिल्या दिवशी मी हँडल धरून त्या रस्त्याकडे बघतच राहिले. रस्ता असा समोरून आपल्याकडे येतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. आणि वारा! अण्णाच्या पाठीमागे मला कधी वारा लागला नव्हता. आता तो तोंडावर येत होता, पदरात शिरत होता, डोळ्यांत पाणी आणत होता. मी मोठ्यानं हसले. मग भान येऊन इकडेतिकडे बघितलं. बघायला कुणी नव्हतंच.

कालव्यापर्यंत जायचं ठरवलेलं असे, पण पाय ऐकत नसत. अजून त्या बाभळीपर्यंत, अजून त्या मोटेच्या विहिरीपर्यंत, असं करत मी पार पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यायचे. नोकरीसाठी एवढं शिकायची गरज नव्हती. गरज केव्हाच भागली होती. मला आवडायला लागलं होतं. आणि आवडलेली गोष्ट सांगायला कुणी नव्हतं. विहिरीवर थांबून मी पाणी प्यायचे आणि मनातल्या मनात अण्णाला सांगायचे, "अरे, इथं एवढे मोर आहेत तुला ठाऊक होतं का?" मनातला अण्णासुद्धा काही बोलायचा नाही. पाठ करून पुढे बघत राहायचा.

फक्त फाटकाचा चढ तेवढा राहिला होता. दोन पहाटे मी तो चढून बघितला. दोन्ही वेळा अर्ध्यावर वेग मंदावला, आणि मला काही कळायच्या आत मी उतरून उभी होते. सायकल घसरत माझ्याच पायावर आली. फाटकवाला वरून ओरडला, "बाई, लागलं का?" मी म्हटलं, "नाही, सवय आहे." मग हातात धरूनच सायकल वर नेली. बाजार समितीतला चढ मी आता सहज चढायचे. पण हा चढ माझ्या अंगात मुरला होता. इथं आलं, की कानात "उतर" ऐकू यायचं.

चढावर सायकल हातात घेऊन चाललं तर कुणी फाशी देत नाही, हे मला समजत होतं. शाळेत तशीही पोचले असते. पण रोज त्या चढावर उतरायचं आणि रोज "बस" म्हणणारं कुणी नसायचं, हे मला झेपलं नसतं. तो चढ बसून चढता आला तरच मला सायकल आली, असं मी मनाशी धरून बसले होते.

शाळा उघडायचा दिवस आला. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदाच घरातून उशिरा निघणार होते. ती दोघं डबे घेऊन बाहेर पडली. अण्णा दारातून म्हणाला, "तू आज अजून घरात? शाळा आहे ना?" मी म्हणाले, "जाते." त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं. उंबऱ्याशी घुटमळला, मग गेला.

ती पोचली असतील इतका वेळ मी घरात काढला. मग कुलूप लावून घोरपडेबाईंच्या परसातून सायकल काढली, निऱ्या वर खोचल्या, डबा हँडलला अडकवला आणि निघाले. गल्लीतली माणसं वळून बघत होती. मगदुमाची पद्मा सायकलवर! एक म्हातारी तर तोंडातली मिश्री सावरत उभीच राहिली. मी कुणाकडे बघितलं नाही. मला बघता येतच नव्हतं. समोर बघून चालवण्यातच सगळा जीव गुंतला होता.

चढ सुरू झाला आणि मला ती दोघं दिसली.

चढाच्या मध्यावर, माझ्या पुढं, माझ्याकडे पाठ करून अण्णा आणि वैनी चालली होती. शेजारी शेजारी. अण्णानं सायकल हातात धरली होती. कॅरिअर रिकामं होतं. एवढ्या वेळात त्यांनी जेमतेम इतकी वाट चालली होती, म्हणजे ती घरापासूनच चालत आली असणार. आणि चालण्याच्या त्या रमतगमत लयीवरून कळत होतं, की ती रोजच अशी चालतात.

मी पेडल मारत होते. सायकल जेमतेम पुढे सरकत होती. त्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं.

"आज तरी बस म्हणतोय," अण्णा म्हणत होता. "उगाच पाय तोडत येतेस रोज."

"ती जागा अक्कांची आहे. त्या बसत नाहीत तोवर मी बसायची नाही, सांगितलंय ना तुम्हाला."

"ती काय आता बसत नाही. रुसलीय."

"मग रुसवा काढा की त्यांचा."

"मला नाही जमत तसलं बोलायला."

"माझ्याशी बरं जमतं!" वैनी हसली. "आणि मला चालायलाच आवडतं. चालताना तुम्ही बोलता तरी. मागं बसून तुमच्या पाठीशी काय बोलायचं?"

अण्णा हसला. मोठ्यानं, मान मागे टाकून हसला. अण्णाला असं हसता येतं, हे मला माहीतच नव्हतं. मग तो संघातल्या कुणाची तरी गंमत सांगायला लागला. हातवारे करत, नक्कल करत, आणि मधेमधे तिच्याकडे बघत.

इतके दिवस मी ज्या जागेसाठी जळत होते, ती जागा रिकामीच होती. तिनं घेतली नव्हती, तिला नकोच होती. तिच्याकडे जे होतं, ते माझ्याकडे कधी नव्हतंच. सायकलवरून उतरून भावाच्या बरोबरीनं चार पावलं चालावं, त्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलावं, ही साधी गोष्ट मला एवढ्या वर्षांत सुचली नाही. त्यालाही सुचली नाही. तिला पहिल्याच दिवशी सुचली. तिचा राग करावा असं काही उरलं नाही. त्या वेळी मला सगळ्या जगात जेवढं एकटं वाटलं, तेवढं घरातल्या कुठल्या संध्याकाळीही वाटलं नव्हतं.

वेग मंदावला. चाक डळमळलं. डावा पाय उडी मारायला शिवशिवायला लागला. उतरले तर सायकल आपटणार, आवाज होणार, अण्णा मागे बघणार. मग तो धावत येणार, "लागलं का?" म्हणणार, वैनी डबीतली पट्टी काढणार. आणि शेवटी अण्णा आपली सायकल वळवून म्हणणार, "बस."

मी सीटवरून उठले. उभं राहून सगळं अंग पेडलवर टाकलं. एकदा उजवं, एकदा डावं. डबा हँडलवर खणखणत होता. ती दोघं आता माझ्या अगदी पुढ्यात होती आणि दोघांनी मिळून वाट अडवली होती. मी घंटी वाजवली.

अण्णानं नीट मागे बघितलं नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून साडी दिसली असेल तेवढीच. बोलण्याच्या नादात त्यानं वैनीचं मनगट धरून तिला आपल्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाला, "इकडं सरक. जाऊ दे त्या बाईंना."

मी त्यांच्या शेजारून गेले. अण्णाची बाही माझ्या पदराला लागली असेल, इतक्या जवळून. वर फाटक उघडं होतं. रुळांवरून सायकल खडखडली, दात वाजले, आणि पुढे एकदम उतार लागला. पाय थांबले. चाकं आपोआप पळायला लागली. वारा कानात भरला. सगळी पेठ, शाळेचं कौलारू छप्पर, त्याच्याही पुढे कारखान्याचं धुराडं आणि तिथवर जाणारा लांबच लांब रस्ता समोर उघडा पडला होता. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी अजून जोरात जावंसं वाटत होतं.

"पद्मे!" मागून अण्णाची हाक आली. "अगं पद्मेऽऽ!"

मग वैनीची. तिनं "अक्का" म्हणून हाक मारली आणि टाळ्या वाजवल्यासारखा काहीतरी आवाज आला. नक्की काय ते मला दिसलं नाही. मान वळवली असती तर तोल गेला असता आणि हात सोडला असता तर पडले असते. तेवढं मला अजून येत नव्हतं. मग मी अंगठ्यानं घंटी वाजवली. एकदा वाजवली, पुन्हा वाजवली आणि उतार संपेपर्यंत वाजवतच राहिले. समोर रस्त्यात कुणीच नव्हतं, तरी.